हिंगण्याच्या माळावरील शाळा आणि तिचे अण्णा

पुण्यातील आजच्या कर्वेनगराचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. आज तेथे रस्ते, इमारती, बसगाड्या आणि विद्यार्थिनींची वर्दळ दिसते. सव्वाशे वर्षांपूर्वी तेथे माळरान होते. पुण्याहून तेथे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाने भरून जाई आणि रात्री त्या वाटेने एकट्याने जाण्यास धीट माणूसही कचरत असे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणाचे जे रोप लावले, ते याच माळावर वाढले. विधवांच्या आश्रमाबरोबरच कुमारिकांसाठी एक स्वतंत्र शाळा असावी, या विचाराने त्यांनी ४ मार्च १९०७ रोजी महिला विद्यालय सुरू केले. पहिल्या दिवशी त्यात अवघ्या सहा मुली होत्या. २०२७ च्या मार्च महिन्यात त्या घटनेला १२० वर्षे पूर्ण होतील. त्या शाळेचा इतिहास आणि अण्णासाहेबांचे चरित्र वेगवेगळे सांगता येत नाही.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळगावी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील मुरूड येथे. वडील केशवपंत कारभारी म्हणून नोकरी करीत. घराणे एके काळी सधन होते, परंतु धोंडोपंतांच्या वाट्याला त्या वैभवाच्या आठवणीच तेवढ्या आल्या. मुरूडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजींसारखे शिक्षक लाभले आणि सार्वजनिक कामाची गोडी तेथेच लागली.

त्यांच्या बालपणीची एक हकीकत अनेकांना ठाऊक आहे, तरीही ती येथे सांगणे आवश्यक आहे. सन १८७५ मध्ये सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी मुरूडचा हा मुलगा सोबत्यांसह सह्याद्रीचे घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेला. अंतर शंभर मैलांच्या वर. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत आणि ती त्यांची झालेलीही होती. परंतु अंगकाठी लहान. तपासणाऱ्या अधिकाऱ्यास वय खरे वाटले नाही आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. आल्या वाटेने पुन्हा पायी परत यावे लागले. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रावरून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. घराच्या दाराशी शाळा असणाऱ्या आजच्या मुलांना ही पायपीट नवलाची वाटेल. ज्ञानाच्या दारातून परत पाठविले जाणे म्हणजे काय, हे या माणसाने कोवळ्या वयात अनुभवले होते, एवढे यावरून दिसते.

मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे विल्सन व एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिक्षण घेऊन १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. शिकवण्या करून शिकणे आणि शिकता शिकता घर चालविणे असा तो काळ होता. हाती पैसा थोडा, पण मिळकतीचा ठराविक हिस्सा लोककार्यासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी तेव्हापासूनच लावून घेतली. मुंबईतील मुरूडकरांना एकत्र करून त्यांनी गावासाठी मुरूड फंड उभा केला. दान हे शिलकीतून द्यायचे नसून मिळकतीतून आधी वेगळे काढायचे असते, ही गोष्ट व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. येथे ती एका गरीब शिक्षकाने पाळली.

शिक्षक म्हणून त्यांनी मुंबईत कॅथीड्रल व अलेक्झांड्रा या मुलींच्या शाळांतही गणित शिकविले. या शाळांत मुख्यतः युरोपीय, पारशी अशा समाजांतील मुली येत. गणित मुलींना झेपत नाही, हा त्या काळचा सर्वमान्य समज; तो किती पोकळ आहे, हे वर्गात उभे राहून त्यांना रोज पाहावयास मिळत होते.

सन १८९१ हे त्यांच्या आयुष्यातील मोठ्या उलथापालथीचे वर्ष ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. मुलगा रघुनाथ लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून बोलावून घेतले. लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडल्यामुळे गणिताची ती जागा रिकामी झालेली होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांना त्या काळी दरमहा ७५ रुपयांच्या आसपास वेतन मिळे. तेवढ्यावर अण्णासाहेबांनी पुढचा सगळा प्रपंच आणि परमार्थ मांडला. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत होते.

विधुर पुरुषाने दुसरे लग्न करणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती. चाळिशीच्या वराला दहा वर्षांची वधू सहज मिळे. पण त्याच घरातील दहा वर्षांची मुलगी विधवा झाली तर तिचे केस काढून, तांबडे आलवण नेसवून, एकवेळच्या जेवणावर तिला आयुष्यभर कोपऱ्यात बसविले जाई. अण्णासाहेबांनी ठरविले की लग्न करायचे तर विधवेशीच. त्यांचे मुंबईतील स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई वयाच्या आठव्या वर्षी विवाहित होऊन काही महिन्यांतच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तेथे दाखल होणाऱ्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरी व बाहेर सर्वजण त्यांना बाया म्हणत.

या विवाहाची किंमत मुरूडमध्ये चुकवावी लागली. गावाने बहिष्काराचा ठराव केला. अण्णासाहेब गावी आले तर त्यांच्या आईच्या व भावाच्या घरीही त्यांना राहता येईना; राहिले असते तर त्या घरावरही बहिष्कार पडला असता. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभा केला होता, त्याच गावाची ही वागणूक. त्यांनी वाद घातला नाही व तक्रारही केली नाही. गावाशी संबंध मात्र त्यांनी तोडले नाहीत.

पुनर्विवाहाच्या प्रसाराची संस्था त्यांनी १८९३ मध्येच काढली होती. परंतु अनुभवाने त्यांच्या ध्यानात आले की एक-दोन पुनर्विवाह घडवून हजारो बालविधवांचा प्रश्न सुटणार नाही. त्यांना अक्षर हवे, हाताला काम हवे आणि मानाने जगण्याची सोय हवी. या विचारातून १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. अण्णासाहेबांनी साठविलेले एक हजार रुपये प्रथम स्वतःच्या हाताने संस्थेच्या खात्यात टाकले आणि स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून दिली.

घरातील माणसांना याचे काय वाटले असेल याचा विचार वाचकांनी करावा. विम्याची रक्कम ही मागे राहणाऱ्या बायकामुलांची ठेव असते. बायांनी या गोष्टीवर नाराजी व्यक्त केल्याशिवाय राहिल्या नाहीत आणि त्यांची नाराजी रास्तच होती. घरी मुले, आला-गेला आणि आश्रयाला आलेल्या मुली, असा सर्वांचा स्वयंपाक त्या करीत. महात्म्याच्या चरित्रात त्याच्या पत्नीच्या जमाखर्चाची वही सहसा उघडली जात नाही. कर्वे यांच्या बाबतीत ती उघडली गेली, कारण बायांनी पुढे स्वतःच्या आठवणी निर्भीडपणे सांगितल्या.

आश्रम पुण्यात सुरू झाला तोच प्लेगने शहर पोखरले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले. तेथे एक साधी झोपडी उभी राहिली आणि १९०० मध्ये आश्रम त्या माळावर गेला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन सुमारे चार मैल चालत हिंगण्यास जायचे, तेथे मुलींना शिकवायचे, त्यांची विचारपूस करायची आणि परत यायचे, असा अण्णासाहेबांचा क्रम होता. पाऊस, चिखल, अंधार यांनी त्यात खंड पडला नाही. सुट्टी लागली की ते वर्गणीसाठी गावोगाव फिरत. दरवर्षीचा अहवाल आणि हिशेब छापून लोकांपुढे ठेवला जाई. सुधारकांवर टीका करणारे पुण्यात पुष्कळ होते, परंतु कर्व्यांच्या हिशेबावर बोट ठेवणारा कोणी निघाला नाही. ज्या संस्थेची कीर्द-खतावणी स्वच्छ असते तिला शत्रूकडूनही वर्गणी मिळते, हे त्यांच्या संस्थेने दाखवून दिले.

याच वळणावर अण्णासाहेबांनी असा एक निर्णय घेतला ज्याबद्दल आजही दोन मते होऊ शकतात. स्वतः विधवेशी विवाह केलेला हा मनुष्य विधवांचा आश्रम चालवितो म्हणजे तेथे मुलींची लग्ने लावून देणार, अशी भीती सनातनी पालकांना वाटत होती. मुलगी शिकावी असे वाटणारा पालकही त्यामुळे कचरत होता. तेव्हा अण्णासाहेबांनी आश्रमाच्या कार्यातून पुनर्विवाहाचा प्रचार पूर्णपणे वगळला. पुनर्विवाहाच्या संस्थेचे कार्यवाहपदही सोडले. एवढेच नव्हे, तर पुनर्विवाहित स्त्रीचा आश्रमातील वावर लोकांना खटकेल म्हणून खुद्द बायांना कित्येक वर्षे आश्रमापासून काहीसे दूर ठेवले गेले. ज्या आश्रमासाठी त्या वर्गणी गोळा करीत, ज्यासाठी त्यांच्या मुलांचा विमा गेला, तेथे त्यांना मोकळेपणाने राहता येऊ नये, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. अण्णासाहेबांचा हिशेब उघड होता. पन्नास मुली शिकणार असतील तर घरच्या माणसाने अपमान सोसावा. हिशेब म्हणून तो बरोबर आला. परंतु त्यातील वजाबाकी एकाच व्यक्तीच्या वाट्याला गेली, हेही नमूद केले पाहिजे.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे कार्यही येथे सांगावयास हवे. एका मुलासह विधवा झालेल्या या बाई शिक्षण घेऊन आश्रमात शिकवू लागल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या आणि वर्गणीसाठी देशभर हिंडल्या. प्रौढ वयात त्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी कष्टाची कामे करून इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी निधी घेऊन परत आल्या. हिंगण्याच्या झोपडीने घडविलेली ही पहिल्या पिढीची माणसे होत.

आता महिला विद्यालयाकडे वळू. आश्रम विधवांसाठी होता. पण आपल्या कुमारिका मुलीही शिकाव्यात, त्यांचे लग्न दहाव्या-बाराव्या वर्षी न होता त्या थोड्या जाणत्या व्हाव्यात असे वाटणारे काही पालक अण्णासाहेबांकडे येऊ लागले होते. त्यांना विधवांच्या आश्रमात ठेवावे तर लोकांचे मन धजत नव्हते. विधवेचे दर्शनही मंगलकार्यात अशुभ मानणारा तो समाज; लग्नाच्या वयाची मुलगी विधवांमध्ये वाढणे त्याला कसे रुचावे? शिवाय विधवांच्या नावाने जमलेल्या पैशाचा विनियोग दुसरीकडे कसा करावा, हाही प्रश्न होताच. एका कारणासाठी आलेले दान दुसऱ्या कारणासाठी वापरू नये, हा विश्वस्त निधीचा मूळ नियम आहे आणि पुष्कळ चांगल्या संस्था याच ठिकाणी चुकतात.

म्हणून वेगळी संस्था, वेगळा निधी आणि वेगळी जागा. ४ मार्च १९०७ रोजी पुण्यात सहा मुलींना घेऊन महिला विद्यालय सुरू झाले. आश्रमातील काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. एक संस्था अजून पायावर उभी नाही, तोच दुसरीसाठी झोळी फिरवायची म्हणजे दोन्ही उपाशी राहणार, अशी त्यांना भीती होती. व्यवहाराच्या दृष्टीने ती अगदीच चुकीची होती असे म्हणता येणार नाही. एकाच गावात एकाच दात्याच्या दारी एकच माणूस दोन पावतीपुस्तके घेऊन गेला तर काय होते, हे वर्गणी मागणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरीही अण्णासाहेबांनी माघार घेतली नाही. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहून घेणारे, फक्त निर्वाहापुरते घेऊन काम करणारे स्त्री-पुरुष कार्यकर्ते तयार करणे हा त्याचा हेतू. पैसा मिळविता येतो, माणूस मिळविणे कठीण, ही त्यामागची जाणीव होती. १९११ मध्ये महिला विद्यालयही हिंगण्यास आले.

अशा रीतीने माळावर एका बाजूला विधवांचा आश्रम आणि दुसऱ्या बाजूला कुमारिकांचे विद्यालय अशी दोन घरे शेजारी शेजारी उभी राहिली. लोकांच्या समजुतीला मान देऊन घातलेली ती भिंत काळानेच पाडली. शिक्षिका दोन्हीकडे शिकवू लागल्या, मुली एकमेकींत मिसळू लागल्या आणि ज्यांच्या सावलीची भीती वाटत होती त्या विधवा बाईंच्या हाताखाली कुमारिका मुली धडे गिरवू लागल्या. पुढे दोन्ही संस्था एकत्र येऊन महिलाश्रम हे नाव रूढ झाले. भांडण न करता, सभा न गाजविता एक जुना समज कसा मोडला गेला त्याचे हे उदाहरण होय. मुरूडच्या बहिष्काराने जे उत्तर मागितले होते, ते बहुधा येथे दिले गेले.

याच काळात आपल्या जैन समाजातही हा प्रश्न काही थोर व्यक्तींना अस्वस्थ करीत होता, हे विसरता येणार नाही. बालविवाह आणि बालवैधव्य आपल्याकडेही होतेच. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पित्याने त्यांना घरात कोंडून न ठेवता शिकविले आणि त्यांनी श्राविकाश्रमाचे कार्य उभे केले. मुंबईच्या श्राविकाश्रमात शिकून अनेक भगिनी स्वावलंबी झाल्या. सोलापूरकडे कंकुबाई आणि पुढे पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी हीच परंपरा चालविली. प्रथम तीर्थंकरांनी ब्राह्मीस लिपी आणि सुंदरीस अंक शिकविले, हे पुराणात वाचणाऱ्या समाजाला या कार्यासाठी बाहेरचा दाखला शोधण्याची गरज नव्हती. तरीही कन्येची पाटी हिरावून घेण्यात आपलाही समाज मागे नव्हता.

सन १९१५ च्या अखेरीस मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद अण्णासाहेबांकडे आले. भाषणाची तयारी करताना त्यांनी काही काळापूर्वी आलेली व बाजूला ठेवलेली एक पुस्तिका पुन्हा उघडली. ती जपानमधील महिला विद्यापीठाची होती. आशियातील एक देश स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढू शकतो, तर हिंदुस्थानाला ते का जमू नये, या विचाराने त्यांना झपाटले. परिषदेत त्यांनी तशी कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये, म्हणजे अवघ्या सहा महिन्यांत, हिंगण्याच्या माळावर महिला विद्यापीठ सुरू केले. वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झालेली. फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन दोन वर्षे लोटलेली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच. डॉ. भांडारकर कुलपती झाले आणि केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू झाले.

या विद्यापीठाचे वैशिष्ट्य म्हणजे शिक्षण मातृभाषेतून. इंग्रजी हा विषय राहिला, पण माध्यम मराठी. त्या काळी ही गोष्ट धाडसाची होती. सरकारी मान्यता मिळाली नाही. ती स्वातंत्र्यानंतर मिळाली. म्हणजे तीसहून अधिक वर्षे येथून पदवी घेणाऱ्या मुलींच्या हाती सरकारच्या लेखी किंमत नसलेले प्रमाणपत्र होते. तरीही मुली येत राहिल्या.

आपल्या गोदाकाठच्या भागाशी याची तुलना केली तर काळाचे अंतर डोळ्यांत भरते. शहागड तेव्हा निजामाच्या राज्यात, अंबड तालुक्यात व औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेही देशी भाषेचे माध्यम घेऊन, परंतु ती भाषा उर्दू होती. घरात मराठी वा मारवाडी बोलणाऱ्या मुलीला वरच्या शिक्षणासाठी इकडे उर्दू आणि पलीकडच्या ब्रिटिश मुलखात इंग्रजी. मध्ये तिची भाषा बोलणारी जागा हिंगण्याच्या माळावर एकच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाल्यानंतरच येथील मुलींना मातृभाषेतील शाळांची दारे खऱ्या अर्थाने उघडली.

विद्यापीठ पाच विद्यार्थिनींवर आणि वर्गणीच्या चिल्लरीवर किती दिवस चालणार, असा प्रश्न होता. त्याचे उत्तर कापडाच्या धंद्यातून आले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी जगप्रवासात जपानमधील महिला विद्यापीठ पाहिले होते. १९२० मध्ये त्यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई यांच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांच्या हिशेबाने वर्षाला ५२,५०० रुपये संस्थेस मिळावेत अशी ती योजना होती. विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. आज आपण ज्यास एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. मुद्दल सुरक्षित ठेवून व्याजावर संस्था चालविण्याची ही रीत आपल्या समाजातील प्रत्येक ट्रस्टला परिचित आहे.

मात्र मोठ्या देणगीबरोबर अटी येतात. सर विठ्ठलदास १९२२ मध्ये वारले. पुढे त्यांच्या मृत्युपत्राचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले आणि काही वर्षे ती वार्षिक रक्कम थांबली. अखेर तडजोड होऊन १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. हिंगण्याच्या माळावर जन्मलेले विद्यापीठ माळ सोडून गेले. शाळा मात्र तेथेच राहिली. शाळेला लक्षाधीश आश्रयदाता मिळाला नाही. ती रुपया-दोन रुपयांच्या वर्गणीवर आणि शिक्षिकांच्या तुटपुंज्या वेतनावर वाढली. अण्णासाहेबांचे एक चिरंजीव भास्कर आणि स्नुषा कावेरीबाई यांनी पुढे हिंगण्याच्या कामास वाहून घेतले. विद्यापीठाची कीर्ती मोठी असली, तरी हिंगण्यास जाऊन पाहणाऱ्यास खरा कर्वे शाळेत भेटतो.

देणगी अडली तरी अण्णासाहेब थांबले नाहीत. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते विलायतेस गेले. युरोपातील शिक्षण परिषदांतून त्यांनी आपल्या कार्याची माहिती दिली, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट घेतली, अमेरिका पाहिली आणि जपानमध्ये जाऊन ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून सगळे सुरू झाले होते ते प्रत्यक्ष पाहिले. नंतर त्यांनी पूर्व आफ्रिकेचा दौरा केला. त्यांचे डॉक्टर पुत्र शंकर तिकडे होते. तेथील हिंदी व्यापाऱ्यांनी त्यांना सढळ हाताने निधी दिला. त्यांत गुजराती मंडळी बरीच होती. परदेशी दुकान मांडून बसलेल्या माणसाला मायदेशातील मुलींच्या शाळेसाठी देताना वेगळेच समाधान मिळत असावे.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सामान्य माणूस देवळाच्या पायरीवर विसावतो. अण्णासाहेबांनी त्या वयात, १९३६ मध्ये, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारची शाळा पोहोचली नव्हती तेथे शाळा काढाव्यात यासाठी ते पुण्यात घरोघर फिरून वर्गणी मागू लागले. पंधरा लाखांची देणगी मिळविणारा मनुष्य चार आण्यांसाठी जिने चढत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. १९४४ मध्ये त्यांनी समता संघ काढला. माणसामाणसांतील उच्चनीचता जावी, हा त्याचा हेतू.

बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी निवर्तल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. त्यांनी नाराजी कधी लपविली नाही आणि पतीची साथही कधी सोडली नाही. आश्रमातील मुलींनी त्यांना आई मानले, पण ते फार उशिरा.

मानसन्मान अण्णासाहेबांकडे म्हातारपणी रांगेने चालत आले. बनारस, पुणे, मुंबई या विद्यापीठांनी सन्माननीय पदव्या दिल्या. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण होताना, भारतरत्न. त्या वर्षी भारत सरकारने त्यांच्यावर पंधरा नव्या पैशांचे टपाल तिकीट काढले. हयात असताना ज्यांच्यावर तिकीट निघाले असे ते पहिले भारतीय होत. ज्या मुरूडने एके काळी त्यांना घरात येऊ दिले नव्हते, त्या मुरूडच्या पोस्टातही ते तिकीट विकले गेले असणारच.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुणे येथे, वयाच्या एकशे पाचव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. हिंगण्याची संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते आणि तिच्या मूळ गावाचे नावही कर्वेनगर झाले आहे. १९९१ मध्ये संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. गणित मुलींना झेपत नाही, असे ज्या काळात म्हणत, त्या काळातील गणिताच्या शिक्षकाच्या संस्थेत आता मुली यंत्रांचे व संगणकाचे गणित करतात. त्याच आवारात महिलाश्रमाची शाळा भरते. सकाळी घंटा होते, वेण्या घातलेल्या मुली रांगेत उभ्या राहतात आणि हजेरी सुरू होते. त्या हजेरीत पहिल्या दिवशी सहा नावे होती.